सुनंदा, तू सांग दादाला

बाई,

परवा तुमची शोकसभा झाली आणि मी अर्ध्यातून उठून बाहेर आले. तुम्हाला त्याचं वाईट वाटणार नाही, हे मला ठाऊक आहे. तुम्हीही उठला असतात, फक्त खुर्चीचा जास्त आवाज करून.

शाळेच्या हॉलमध्ये टेबलावर तुमचा फोटो ठेवला होता, कुठल्या तरी जुन्या ओळखपत्रावरून मोठा करून घेतलेला. फोटोवाल्याने तुमच्या ओठांना गुलाबी रंग भरला होता. उभ्या जन्मात तुम्ही ओठांना तूप सोडून काही लावलं नाहीत. उदबत्त्यांचा धूर झाला होता, माइक शिट्ट्या मारत होता आणि एकामागून एक माणसं उठून तेच वाक्य बोलत होती. बाईंनी कर्करोगाशी शेवटच्या श्वासापर्यंत झुंज दिली. झुंज! तुमचे हात पलंगाला बांधले होते, बाई. बांधलेल्या हातांनी कुणी झुंजतं का?

मग तुमच्या सोसायटीचे सेक्रेटरी उठले. म्हणाले, "आमच्या बिल्डिंगचं भाग्य, की असं देवमाणूस आमच्यात राहिलं." याच माणसाने जिन्याखाली टाइप केलेला कागद चिकटवला होता. तळमजल्यावरच्या दवाखान्यात येणाऱ्या पेशंटांमुळे पॅसेजमध्ये दुर्गंधी येते, लहान मुलांच्या आरोग्यास धोका संभवतो, तरी डॉक्टरबाईंनी आपली व्यवस्था अन्यत्र करावी. तुम्ही तो कागद वाचलात, खिशातून पेन काढून 'दुर्गंधी'चं ऱ्हस्व-दीर्घ सुधारलंत आणि आत जाऊन पुढच्या पेशंटला हाक मारलीत. मी संतापले होते. तुम्ही म्हणालात, "त्याच्या आईला हेच होतं. दादरला असताना गेली. तिच्या खोलीत तो कधी गेला नाही, त्यानेच सांगितलंय मला." हे तुम्हाला माहीत होतं आणि तरी तुम्ही त्याला कधी बोलला नाहीत. तुमच्या या चांगुलपणाची मला तेव्हाही चीड यायची.

तो भाषण संपवून खाली बसला तेव्हा मी उठले.

मी तुमच्याकडे आले तेव्हा भाईंदरला येऊन मला वर्ष झालं होतं. मुंबईतली नर्सची नोकरी सुटली होती, मुलगी लहान होती. कुणी तरी सांगितलं, एक मोठ्या इस्पितळातली कॅन्सरची डॉक्टरीण तिथलं सगळं सोडून इथे पश्चिमेला दोन खोल्यांत बसलीय, तिला सिस्टर हवीय. मी पहिल्याच दिवशी विचारलं, "एवढी मोठी जागा का सोडलीत?" तुम्ही म्हणालात, "तिथे आम्ही पेशंटला सांगायचो, आता घरी जा, आमच्याकडून करण्यासारखं काही उरलं नाही. पण ती घरं कुठे असतात हे मी कधी बघितलं नव्हतं. विचारत गेले तर निम्मी विरार, वसई, भाईंदरलाच निघाली."

मग आपण ती घरं बघत हिंडलो. कधी रिक्षाने, बहुतेक वेळा पायी. मोरवा गावची पार्वतीबाई तुम्हाला आठवते? माझं तुमच्याबरोबरचं पहिलं घर. जन्मभर मिठागरावर राबलेली बाई, छातीवरची गाठ फुटून सगळं उघडं पडलेलं. घरच्यांनी तिची खाट मागच्या पडवीत नेऊन टाकली होती. सून नाकाला पदर लावून लांबूनच बोट दाखवत होती. मी सहा वर्षं वॉर्डात काढली होती, पण तसा वास मी घेतला नव्हता. जखमेत किडे होते.

तुम्ही तिच्या खाटेवरच टेकलात. तिने अंग चोरलं आणि म्हणाली, "बाय, तू लांब बस. माझ्याजवल कोनी बसत न्हाय."

"का? खाट मोडेल म्हणून?" तुम्ही विचारलंत.

ती हसली. अख्खा तास आपण चिमट्याने किडे काढले, जखम धुतली, जंतांवर देतात त्यासारख्या साध्या गोळ्या कुटून त्यांची पूड वर पसरली. चार दिवसांत वास मरेल, असं तुम्ही सुनेला सांगितलंत, आणि खरंच मेला. दुखण्यासाठी थेंब दिलेत. तेवढ्या वेळात तुम्ही पार्वतीबाईला मीठ कसं ओढतात, पाय कसे फाटतात, सगळं विचारून घेतलंत. निघालो. घरामागे मिठागराचा बांध लागला आणि तुम्ही पर्स माझ्या हातात देऊन, वाकून, भडाभडा ओकलात.

मी घाबरले. तुम्ही तोंड पुसून म्हणालात, "दर वेळेला होतं असं. किळस येते गं. येणारच. ती चेहऱ्यावर येऊ द्यायची नाही, एवढंच."

त्या दिवशी मी मनातल्या मनात तुमच्या पाया पडले, हे आज सांगते.

पण त्याच वाक्यावरून पुढे आपलं वाजलं. कितीदा वाजलं! तुम्ही म्हणायचात, किळस ही शरीराची गोष्ट आहे, निसर्गाने माणसाला जपण्यासाठी दिलेली. एका दुपारी, पट्ट्यांचे कपडे उकळताना, मी म्हटलं, "नाही बाई. किळस शिकवतात. आमच्या आजीला गावात विहिरीवर वरून पाणी ओतायचे. तिच्या अंगाला कुठली जखम होती? कुठला वास होता?" त्या दिवशी नळाला पाणी नव्हतं, टँकरचं मातकट पाणी दोनदा गाळून घेतलं होतं, ते मला नीट आठवतंय. तुम्ही हातातला चिमटा तसाच धरून उभ्या राहिलात. मग म्हणालात, "यावर, सुनंदा, मी विचार करते." तीन महिन्यांनी हाटकेश भागातल्या एका घरी जिना चढताना, मधेच थांबून, काही संदर्भ नसताना म्हणालात, "आमच्या घरातही असणार ते, वरून पाणी ओतणं. मी कधी विचारलंच नाही आईला." आणि पुढे चढू लागलात. तो विषय तिथेच राहिला. मला अजून पुष्कळ बोलायचं होतं.

माणसं अंग चोरतात ते मी लहानपणापासून ओळखते. म्हणून पार्वतीबाईच्या सुनेचा मला जितका राग आला तितका तुम्हाला येत नसे. तुम्ही तिलाही शिकवलंत, हातात चिमटा दिलात. महिन्याभराने तीच सासूची जखम धूत होती, तोंडावर पदर न घेता. पार्वतीबाई गेली तेव्हा तिचं डोकं सुनेच्या मांडीवर होतं. हे खरं आहे, मी पाहिलंय. तुमच्यावर चिडताना मी हे विसरत असे.

आणि त्या थेंबांसाठी तुम्ही खाल्लेले हेलपाटे! ठाण्याच्या त्या कचेरीत तुम्ही किती वेळा गेलात याची मोजदाद नाही. दुखण्यावरचं औषध अफूपासून होतं, तर परवाना हवा, परवान्याला कपाट हवं, कपाटाला दोन कुलपं हवीत, कुलपांना दुसऱ्या कचेरीचा दाखला हवा. एकदा मी बरोबर होते. तो पान चघळणारा साहेब खुर्चीत रेलून म्हणाला, "डॉक्टरबाई, लोकांना गर्दुल्ले करायचा विचार आहे काय?" आणि बाजूचे दोघे हसले. तुम्ही शांतपणे म्हणालात, "ज्या माणसासाठी नेतेय त्याच्याकडे महिनाही नाही. व्यसन लागायला तेवढा वेळ तरी द्या त्याला." तो हसायचा थांबला, पण सही त्या दिवशी केली नाहीच. बाहेर आल्यावर मी थुंकले. तुम्ही मला दटावलंत. आज म्हणते, बरं केलं मी थुंकले ते.

मग तुमचंच पोट वाढू लागलं.

मी आधी ओळखलं की तुम्ही, हे आपण कधी बोललो नाही. तुम्ही साडी खोचताना नाडी सैल करत होतात आणि चेहऱ्याने मात्र सुकत चालला होतात. मी नर्स आहे, मला दिसत होतं. मी गप्प राहिले. दोन आठवड्यांनी तुम्हीच टेबलावर झोपलात, माझा हात ओढून पोटावर ठेवलात आणि म्हणालात, "बघ. पाणी आहे ना?" मी म्हटलं, "गॅस असेल." तुम्ही एवढ्या मोठ्याने हसलात की बाहेरचे पेशंट डोकावले.

ऑपरेशन झालं, सुया झाल्या, केस गेले, परत आले, रोगही परत आला. पुढचं नको, असं तुम्ही ठरवलंत. वहीच्या कागदावर स्वतःच्या अक्षरात लिहिलंत: मला घरातून हलवू नये, नळ्या घालू नयेत, खाडीकडची खिडकी उघडी असावी, दुखलं किंवा दम लागला तर सुनंदा औषध देईल. खाली सही. तो कागद माझ्याकडे दिलात. "तू असशील ना?" एवढंच विचारलंत. मी म्हटलं, "असणार."

असणार! मी होते, बाई. तिथेच होते. हेच तर आहे.

पुण्याहून तुमचे दादा आले. तुमच्याहून सात वर्षांनी मोठे, निवृत्त इंजिनिअर, तुमच्याशी दहा वर्षं धड न बोललेले, कारण तुम्ही मोठी नोकरी सोडलीत ते त्यांना पटलं नव्हतं. चार दिवस ते खुर्ची घेऊन तुमच्या दारात बसले. तुमच्याजवळ नाही, दारात. पाचव्या दिवशी दुपारी तुम्हाला दम लागला. छातीत पाणी झालं होतं, आपल्याला दोघींना ते माहीत होतं. मी औषध काढलं. थेंब जिभेखाली सोडायच्या आत दादांनी माझा हात धरला.

"हे काय पाजताय तिला, सिस्टर? अफू आहे ना ही?"

मी म्हटलं, "दम कमी होतो याने."

"दम कायमचा कमी होतो!" ते ओरडले. "ॲम्ब्युलन्स बोलावलीय मी."

मी कागद काढून दिला. त्यांनी तो दोनदा वाचला. मला वाटलं, झालं, आता ऐकतील. त्यांनी कागदाची घडी घातली आणि म्हणाले, "आजारी माणूस काय वाट्टेल ते लिहितं. तुम्ही लिहून द्या. नेलं नाही तरी हिच्या जिवाला काही होणार नाही, असं लिहून सही करा. मग नाही नेत."

तेव्हा तुम्ही उशीवरून मान वळवलीत. शब्द तुटत होते, पण स्वच्छ ऐकू आलं. "सुनंदा, तू सांग दादाला."

मला सांगायचं होतं. काय सांगायचं ते मला पाठ होतं, शंभर घरांत मी तुमच्या तोंडून ऐकलं होतं. हो, ती जाणार आहे. इथेही जाईल, तिथेही जाईल. इथे जाईल ती गुदमरून जाणार नाही. तिचा हात धरा, तिला तेच हवंय. एवढंच. चार वाक्यं.

मी गप्प राहिले.

का, ते मी या पंधरा दिवसांत स्वतःला विचारून दमले. औषधाचा परवाना तुमच्या नावावर होता आणि बाटली माझ्या हातात. पोलिसांचं भय वाटलं. घरचं माणूस समोर उभं असताना पगारी नर्सने काय बोलायचं, असंही वाटलं. साहेबलोक आवाज चढवतात तेव्हा मान खाली जाते, ती सवय आमच्या हाडात किती पिढ्या आहे ते मला ठाऊक आहे. पण मी ते त्या सवयीवर ढकलणार नाही. माझी आजी विहिरीवर एकदा उलटून बोलली होती आणि त्यासाठी मार खाल्ला होता. तिची नात मी. मी घाबरले, एवढंच खरं आहे. मला स्वतःची किळस येते, बाई. कसलीही पूड टाकून हा वास मरत नाही.

तुमच्या वरच्या मजल्यावरच्या घरातून उतरताना स्ट्रेचर जिन्यात वळत नव्हतं. मी पुढची बाजू धरली. मीच.

मुंबईच्या एका इस्पितळात तुम्ही सहा दिवस होतात. काचेच्या दाराआड. संध्याकाळी दहा मिनिटं आत सोडायचे. पहिल्या संध्याकाळी तुमच्या तोंडात नळी होती आणि मशीन तुमची छाती वर-खाली करत होतं. दोन्ही मनगटं बँडेजने कठड्याला बांधलेली. तुम्ही नळी ओढता म्हणून बांधलेली. तुमचे डोळे उघडे होते. मी गाठ सोडायला लागले तर तिथली सिस्टर धावून आली. "ओ मॅडम, हात नका लावू. पेशंट इरिटेबल आहे."

मी म्हटलं, "पेशंट डॉक्टर आहे."

"असू देत."

तिच्यावर मी रागावले नाही. मीही वॉर्डात असताना माणसं बांधली आहेत. तुमच्याकडे येण्यापूर्वी.

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. त्या बघण्यात काय होतं ते मला कळलं नाही आणि आता कधीच कळणार नाही. राग असता तर बरं झालं असतं. मी तुमच्या तळहातात बोट दिलं, तुम्ही ते धरलंत, मग सोडलंत. धरलंत ते ओळख म्हणून, की सोडलंत तेच खरं उत्तर होतं? सहाव्या दिवशी पहाटे तुम्ही गेलात. इस्पितळाने कागदावर लिहिलं, सर्व प्रयत्न करूनही. छाती दाबण्याच्या त्या प्रयत्नांनी मोडलेल्या फासळ्यांचा डाग तुमच्या छातीवर मी पाहिला, कारण तुम्हाला शेवटची आंघोळ मी घातली.

हे सगळं झालं आणि परवा हॉलमध्ये त्याला झुंज म्हणाले. दादा पहिल्या रांगेत बसले होते, मान डोलवत. मी बाहेर येऊन नळावर तोंड धुतलं.

काल सकाळी ते माझ्या घरी आले. नवरा कामाला गेला होता, मुलगी शाळेत. मी दार उघडलं आणि बाजूला न होता तशीच उभी राहिले. ते म्हणाले, "सिस्टर, पाच मिनिटं."

बसले. पाणी दिलं, ते नुसतं हातात धरून राहिले. चार दिवसांची दाढी वाढली होती. मला त्यांच्याबद्दल जे वाटत होतं ते चेहऱ्यावर होतं, आणि मी ते लपवलं नाही.

मग त्यांनी विचारलं, "तुम्ही रोज आत जायचात. मला बघवायचं नाही, मी बाहेरच बसायचो. तिला... तिला काही कळत नव्हतं ना? त्रास नाही ना झाला?"

किती घरांत हा प्रश्न ऐकलाय आपण. त्याचं उत्तर 'नाही' असतं, हेही माहीत आहे. माणसं ते घेण्यासाठीच येतात. जिभेवर आलंही होतं.

मी म्हटलं, "कळत होतं. त्रास झाला. खूप झाला."

त्यांनी डोळे मिटले. मी थांबले नाही. "आणि त्या दुपारी मी बोलायला हवं होतं, दादा. बाईंनी मला सांगितलं होतं, तुमच्यासमोर. मी भ्याले. तुम्ही नेलंत, पण मी जाऊ दिलं."

ते रडले. म्हातारी माणसं रडतात तसं, आवाज न करता, नाक गळू देत. मला वाटलं होतं, हे बघून बरं वाटेल. वाटलं नाही. तुम्ही असतात तर तुम्हाला विचारलं असतं, बाई, की मी खरं बोलले की सूड घेतला? मला अजून ठरवता येत नाही. थोडा सूड होताच.

ते जायला उठले, पण परत बसले. म्हणाले, "घरी ठेवली असती, तर कसं झालं असतं?"

हे आजवर मला कुणी विचारलं नव्हतं. मीही त्यांच्यासमोर खाली बसले आणि सांगू लागले. पहिल्यापासून. आधी थेंब दिले असते, पंधरा-वीस मिनिटांत दम उतरला असता. पाठीशी तीन उशा लावून बसतं केलं असतं, कारण अशा वेळी आडवं झोपवत नसतात. पंखा तोंडावर धरला असता. ओठ ओल्या कापसाने पुसले असते. दादा, त्या तुम्हाला काही तरी टाकून बोलल्या असत्या, त्या कुणाला सोडायच्या नाहीत. संध्याकाळी थोडा चहा मागितला असता, दोन चमचे घेतला असता. झोप वाढत गेली असती. दोन दिवस, फार तर तीन. श्वासांमधलं अंतर वाढलं असतं आणि तुम्ही घाबरून मला हाक मारली असतीत, आणि मी सांगितलं असतं की हे असंच असतं, त्यांना दुखत नाहीये. तुम्ही खुर्ची दारातून उचलून खाटेपाशी आणली असतीत.

ते मान खाली घालून ऐकत होते. मी थांबले तसं म्हणाले, "मग?"

"मग खिडकी उघडी ठेवली असती."

"कुठली?" त्यांनी विचारलं. "खाडीकडची?"

"हो," मी म्हटलं. "खाडीकडची."